साठ हजार गळे आणि एक शिट्टी

इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात मुंबई सिटी एफसी हा संघ दोनदा जिंकला. पहिल्यांदा १३ मार्च २०२१ रोजी गोव्यात, मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर. दुसऱ्यांदा ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात, सॉल्ट लेक स्टेडियमवर. दोन्ही वेळा समोर कोलकात्याचाच संघ होता. २०२१ मध्ये तो एटीके मोहन बागान या नावाने खेळला, २०२४ मध्ये मोहन बागान सुपर जायंट या नावाने. दोन्ही सामन्यांत मुंबईच्या बिपिन सिंगने गोल केला.

फरक होता तो आवाजाचा. पहिला सामना कोरोनाच्या काळातला. त्या वर्षी लीगचा सगळा हंगाम गोव्यातल्या तीनच मैदानांवर, प्रेक्षकांशिवाय खेळवला गेला. बिपिनने ९० व्या मिनिटाला निर्णायक गोल केला, तेव्हा ओरडायला गॅलरीत कोणी नव्हते. जल्लोष केला तो खेळाडूंनी आणि राखीव बाकावरच्या मंडळींनी. दुसऱ्या सामन्याला मात्र ६२,००७ प्रेक्षक होते आणि त्यांतले बहुतेक मोहन बागानचे पाठीराखे. मध्यंतराआधी यजमानांनी गोल केला, तेव्हा स्टेडियम दणाणून गेले. नंतर मुंबईने एकापाठोपाठ तीन गोल केले आणि सामना ३-१ असा जिंकला.

एकच विजेतेपद, एकदा शांततेत मिळालेले आणि एकदा साठ हजार लोकांच्या विरोधी आरोळ्यांत मिळालेले. मग हा आवाज नक्की करतो काय? तो गोल करत नाही आणि गोल अडवतही नाही. तरीही आपल्या मैदानावर खेळणे सोपे जाते, हे जगभरच्या निकालांवरून दिसते. त्यात गर्दीचा वाटा किती, आणि त्या गर्दीत बसणाऱ्या आपल्या मुलाबाळांच्या कानांचे काय, हे समजून घेण्यासारखे आहे.

घाटातली आरोळी आणि घुमटातली कुजबुज

जुन्नर तालुक्यातले आमचे पिंपरी पेंढार कल्याण-अहिल्यानगर महामार्गावर आहे. या भागात फुटबॉलचे मोठे स्टेडियम नाही. इकडच्या मुलांचे फुटबॉल मोबाईलवर आणि टीव्हीवर. पण गर्दीचा आवाज म्हणजे काय, हे जुन्नर-आंबेगावच्या माणसाला कोणी शिकवायला नको. यात्रेत बैलगाडा शर्यतीचा घाट ज्याने पाहिला आहे, त्याला ते ठाऊक आहे. निवेदकाचे ‘भिर्रर्र’ सुरू झाले की दोन्ही बाजूंनी एकच कल्लोळ उठतो.

तरीही घाटातला कल्लोळ आणि स्टेडियममधला कल्लोळ यांत मोठा फरक आहे. घाट उघड्या माळावर असतो. माणूस ओरडला की त्याचा आवाज चारी दिशांना पांगतो आणि बराचसा आभाळात निघून जातो. परत येत नाही. बैल पुढे गेले की गलकाही विरतो. स्टेडियम मात्र कढईसारखे खोलगट असते. समोरच्या उतारावर माणसे, बाजूला भिंती आणि डोक्यावर छत. आवाज या सगळ्यांवर आपटून परत फिरतो. ओरडणाऱ्याला स्वतःचाच आवाज मोठा होऊन ऐकू येतो आणि तो आणखी जोराने ओरडतो.

परत येणारा आवाज म्हणजे काय, हे आपल्या जुन्या इमारती फार छान सांगतात. जुन्नरजवळ हापूसबागेत सौदागर घुमट नावाची जुनी कबर आहे. अशा कोणत्याही घुमटाखाली उभे राहून हळू आवाजात बोलून पाहावे. शब्द संपतो, पण त्याचा नाद रेंगाळत राहतो. याचा सर्वात मोठा नमुना म्हणजे विजापूरचा गोल घुमट. मुहम्मद आदिलशहा यांचा हा मकबरा १६५६ मध्ये पूर्ण झाला. आतून सुमारे ३८ मीटर व्यासाच्या त्या घुमटाखाली गोलाकार सज्जा आहे. तिथे भिंतीला तोंड लावून केलेली कुजबुज समोरच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला स्पष्ट ऐकू येते. आवाज पांगण्याऐवजी वळणदार भिंतीला चिकटून पुढे सरकत जातो, म्हणून हे घडते. सर सी. व्ही. रामन यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला अशा कुजबुजणाऱ्या सज्जांचा शास्त्रीय अभ्यास केला, त्यात गोल घुमटही होता.

मशिदीचा मिनार याच्या उलट काम करतो. लाऊडस्पीकर नव्हते तेव्हा मुअज्जिन उंचावर चढून अजान देत असत, कारण उंचावरून निघालेल्या आवाजाला घरे आणि झाडे अडवत नाहीत. मिनार आवाज दूर पोहोचवतो, घुमट आवाज जवळ धरून ठेवतो. स्टेडियमचे छत घुमटाच्या जातीचे आहे.

घरातही हा अनुभव येतोच. ईदच्या आधी रंगकाम काढले, गालिचे, गाद्या, पडदे बाहेर नेले की रिकामी खोली घुमायला लागते. सामान परत आत आले की घुमणे थांबते. मऊ वस्तू आवाज शोषून घेतात, सिमेंट तो परत फेकते. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातल्या एका सभागृहात वक्त्यांचे बोलणे काही केल्या समजत नसे. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे १८९५ मध्ये ते काम आले. त्याने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून ठेवायच्या, नाद विरायला किती वेळ लागतो ते मोजायचे आणि सकाळच्या आत गाद्या परत न्यायच्या, असे प्रयोग केले. त्यातून नाद किती वेळ रेंगाळेल हे सांगणारे सूत्र मिळाले. माणसांची शरीरे आणि कपडे किती आवाज शोषतात, हेही त्याने मोजले. म्हणूनच रिकाम्या स्टेडियममध्ये एकट्याची हाक घुमते आणि भरलेल्या स्टेडियममध्ये तीच हाक विरून जाते.

दुप्पट माणसे, दुप्पट आवाज?

आवाज मोजायचे माप डेसिबल. हे माप किलो किंवा मीटरसारखे सरळ चालत नाही. १० डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट झाली. आपल्या कानाला मात्र तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. ऊर्जा दुप्पट झाली तर फक्त ३ डेसिबल वाढतात.

आता हिशेब करू. तीस हजार माणसे ओरडत आहेत आणि त्यात आणखी तीस हजारांची भर पडली. आवाज वाढला फक्त ३ डेसिबलने. कानाला तो जेमतेम कळेल. म्हणजे नुसती माणसे वाढवून स्टेडियम दणाणत नाही.

अंतराचे गणित वेगळे आहे. मोकळ्या जागेत एका माणसापासून दुप्पट लांब गेले की त्याचा आवाज ६ डेसिबलने घटतो. याच कारणाने धावपट्टी असलेली मैदाने फुटबॉलसाठी थंड पडतात. पुण्यात बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारले गेले. तिथले मुख्य मैदान ॲथलेटिक्सचे, म्हणून फुटबॉलच्या मैदानाभोवती धावपट्टी आहे. २०१४ पासून एफसी पुणे सिटी संघ काही हंगाम तिथे खेळला. नारायणगाव, मंचर, चाकण करत आपल्या भागातून सामना पाहायला गेलेल्या माणसाला खेळाडू लांब वाटायचे आणि खेळाडूंना प्रेक्षकांचा आवाज लांबून यायचा. धावपट्टीची ती मोकळी जागा आवाज खाऊन टाकते.

इटलीतल्या तुरीन शहरात हाच अनुभव मोठ्या प्रमाणावर आला. तिथल्या युव्हेन्टस क्लबचे जुने स्टेडियम सत्तर हजारांच्या जवळपास प्रेक्षकांचे होते, पण त्यात धावपट्टी होती. प्रेक्षक लांब, वातावरण थंड. शेवटी ते पाडून त्याच जागी नवे स्टेडियम बांधले. २०११ मध्ये सुरू झालेल्या नव्या स्टेडियमची क्षमता फक्त ४१ हजारांच्या आसपास. माणसे कमी झाल्याने आवाजात जास्तीत जास्त अडीच डेसिबलची घट झाली असेल. पण प्रेक्षक मैदानाच्या अगदी जवळ आले आणि ती घट भरून निघून वर उरली. लहान स्टेडियम मोठ्यापेक्षा जास्त गाजू लागले, त्यामागे हे साधे गणित आहे.

जवळ आणल्यानंतरचे काम उताराचे आणि छताचे. जर्मनीतल्या डॉर्टमुंड शहरात गोलपोस्टच्या मागे एकाच उतारावर जवळपास २५ हजार लोक उभे राहून सामना पाहतात. पिवळ्या कपड्यांमुळे त्या भागाला ‘पिवळी भिंत’ म्हणतात. वर छत असल्याने त्यांचा आवाज आभाळात न जाता मैदानाकडे वळतो. लंडनमध्ये टॉटनहॅम क्लबने २०१९ मध्ये नवे स्टेडियम उघडले, तेव्हा एका टोकाला १७,५०० प्रेक्षकांचा एकसंध उतार मुद्दाम केला, मजले पाडले नाहीत. गाणे एका ठिकाणी सुरू झाले की ते तुटू नये, हा त्यामागचा एक हेतू. म्हणजे आज आवाज हा योगायोग राहिलेला नाही. वास्तुशास्त्रज्ञ जसा उजेड आणि वारा यांचा विचार करतो, तसाच तो आवाजाचाही करतो.

हलगी कशासाठी?

आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. ऐकायला हा वेग प्रचंड वाटतो, पण स्टेडियम मोठे असते. एका टोकाचा प्रेक्षक आणि दुसऱ्या टोकाचा प्रेक्षक यांत २०० मीटर अंतर असेल, तर इकडची टाळी तिकडे पोहोचायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. तिकडच्याने ऐकून टाळी दिली की ती इकडे यायला पुन्हा तेवढाच वेळ. म्हणून सगळ्या स्टेडियमने एकसुरात गाणे म्हणणे अवघड असते. जलद गाणी विस्कटतात, संथ आणि मोठ्या ठेक्याची टिकतात. प्रत्येक गटाला ठेका धरून ठेवणारे काही तरी जवळ लागते.

ही गोष्ट कोल्हापूरने कोणतेही पुस्तक न वाचता ओळखली. महाराष्ट्रात फुटबॉलची गर्दी पाहायची तर कोल्हापूरच्या छत्रपती शाहू स्टेडियमवर जावे. तिथले संघ कंपन्यांचे नाहीत, पेठांचे आणि तालमींचे आहेत. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे कोल्हापूरच्या घराघरात ठाऊक आहेत. ‘तालीम’ हा शब्द अरबीतून आला. मूळ अर्थ शिक्षण, मराठीत तो कुस्तीच्या आखाड्याला चिकटला आणि कोल्हापुरात फुटबॉलच्या संघालाही. ‘दिलबहार’ तर सरळ फारसी. २०१७ मध्ये भारतात सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला, तेव्हा भारतीय संघात खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

पेठेचा संघ म्हटल्यावर आवाजही पेठेचाच. सिमेंटच्या पायऱ्यांवर बसलेल्या गर्दीला हलगीचा कडक ठेका मिळाला की विखुरलेल्या आरोळ्या एकत्र येतात. हलगीचा आवाज तीक्ष्ण, क्षणात उठणारा आणि क्षणात थांबणारा. गोंधळातही कान तो चटकन पकडतात. पण हेही लक्षात घ्यायला हवे, की हे स्टेडियम शहराच्या मध्यवस्तीत आहे. गर्दीचा ठेका जसा खेळाडूंपर्यंत जातो, तसा तो आसपासच्या घरांत आजारी माणसांच्या आणि अभ्यास करणाऱ्या मुलांच्या कानांपर्यंतही जातो. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. हा नियम मिरवणूक, वरात, उरूस, सामना सगळ्यांसाठी सारखाच आहे.

पंचाच्या कानात काय शिरते?

खेळाडूंना आवाजाने हुरूप येतो, हे कोणीही मान्य करील. पण आवाजाचा खरा परिणाम जिथे दिसतो ती जागा वेगळी आहे. ती म्हणजे पंचाची शिट्टी.

इंग्लंडमध्ये ॲलन नेव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. चाळीस प्रशिक्षित पंचांना लिव्हरपूल आणि लेस्टर यांच्यातल्या एका सामन्यातले ४७ प्रसंग चित्रफितीवर दाखवले. प्रत्येक प्रसंगात फाऊल आहे की नाही, एवढेच सांगायचे. काही पंचांनी गर्दीच्या आवाजासह चित्रफीत पाहिली, काहींनी आवाज बंद करून. चित्र तेच, प्रसंग तेच. तरीही आवाज ऐकणाऱ्या पंचांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाऊल दिले.

हे पंच लाच खाणारे नव्हते, घाबरलेलेही नव्हते. ते एका खोलीत बसून पडद्यावर पाहत होते. त्यांना कोणी शिव्या देणार नव्हते. तरीही निर्णयाच्या अडचणीच्या क्षणी गर्दीचा हुंकार त्यांच्या मनात शिरला. प्रसंग संशयाचा असला की माणूस आजूबाजूचा अंदाज घेतो आणि स्टेडियममध्ये आजूबाजूला फक्त एका बाजूचे लोक असतात.

कोरोनाने हाच प्रयोग जगभर करून दाखवला. जर्मनीची बुंडेसलिगा १६ मे २०२० रोजी रिकाम्या स्टेडियममध्ये पुन्हा सुरू झाली. त्या सामन्यांत यजमान संघांच्या विजयांचे प्रमाण घटले. पुढे अनेक देशांतल्या सामन्यांचा अभ्यास झाला. गर्दी नसताना पंच पाहुण्या संघाला एरवीइतक्या सढळपणे पिवळी कार्डे दाखवत नाहीत, असे त्यातून दिसले. गंमत म्हणजे, घरी बसलेल्या प्रेक्षकांना ती शांतता सहन होईना. इंग्लंडमध्ये वाहिन्यांनी व्हिडिओ गेमसाठी साठवलेले गर्दीचे आवाज प्रक्षेपणात मिसळले. खेळाडूंना खेळायला गर्दी लागत नव्हती, पण आपल्याला पाहायला लागत होती.

ही बाब फुटबॉलपुरती नाही. न्याय करणारा माणूस कितीही प्रामाणिक असला, तरी ज्या बाजूचा आवाज मोठा, तिकडे त्याचा कल नकळत झुकू शकतो. गावच्या बैठकीत, घरातल्या भांडणात, दोन भावांच्या वाटणीतही हेच होते. मोठ्याने बोलणाऱ्याचे ऐकले जाते आणि हळू बोलणाऱ्याचे राहून जाते. इन्साफ करायचा तर कान आधी सावध हवेत, हे या चाळीस पंचांनी आपल्याला दाखवून दिले.

कानाची भरपाई नाही

आता सर्वात महत्त्वाच्या गोष्टीकडे येऊ. आपल्या आतल्या कानात शंखासारखा एक भाग असतो. त्यात प्रत्येक बाजूला सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. आवाजाच्या लाटा त्यांना हलवतात आणि मेंदूला संदेश जातो. फार मोठ्या आवाजाने या पेशी थकतात, वारंवार झाले तर मरतात. त्वचा नवी येते, मोडलेले हाड सांधते. मेलेली केसपेशी माणसात परत येत नाही.

किती आवाज किती वेळ चालतो, याचा साधा हिशेब आहे. ८५ डेसिबल आवाज आठ तासांपर्यंत. त्यानंतर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, ९४ ला एक तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे. फुटबॉलचा सामना मध्यंतर धरून पावणेदोन तासांहून जास्त चालतो. गाजणाऱ्या स्टेडियममध्ये गोलच्या वेळी आवाज १०० च्या वर सहज जातो. तुर्कस्तानातल्या इस्तंबूलमध्ये गलातासराय क्लबच्या प्रेक्षकांनी १८ मार्च २०११ रोजी १३१.७६ डेसिबलचा गिनीज विक्रम नोंदवला. पुढे अमेरिकेत, तिथल्या वेगळ्या प्रकारच्या फुटबॉलमध्ये, २९ सप्टेंबर २०१४ रोजी कॅन्सस सिटीच्या प्रेक्षकांनी तो १४२.२ वर नेला. असे विक्रम अभिमानाने सांगितले जातात. पण १४० डेसिबल म्हणजे कानाला एका झटक्यात इजा करू शकणारा आवाज.

२०१० च्या दक्षिण आफ्रिकेतल्या विश्वचषकात वुवुझेला नावाचा प्लॅस्टिकचा भोंगा जगाला माहीत झाला. जवळून फुंकला तर तो १२० डेसिबलच्या आसपास जातो. फुंकणाऱ्यापेक्षा त्याच्या पुढच्या रांगेतल्या माणसाच्या कानाला त्याचा त्रास जास्त. त्याच वर्षी युरोपच्या फुटबॉल महासंघाने आपल्या स्पर्धांत या भोंग्यावर बंदी घातली. आपल्याकडच्या यात्रेत आणि मिरवणुकीत विकले जाणारे लांब भोंगे याच कुळातले.

पिंपरी पेंढारच्या मुलाला इस्तंबूलला जायचे नसते. पण रात्री उशिरा युरोपातला सामना मोबाईलवर चालू असतो, घरच्यांची झोप मोडू नये म्हणून कानात इअरफोन असतात आणि गर्दीचा सगळा कल्लोळ थेट कानाच्या पडद्यावर आदळत असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १२ ते ३५ वयोगटातल्या १०० कोटींहून अधिक तरुणांची श्रवणशक्ती मोठ्याने ऐकण्याच्या सवयीमुळे धोक्यात आहे. बहिरेपण एका रात्रीत येत नाही. आधी चिमण्यांचा आवाज पुसट होतो, मग गर्दीत बोललेले कळेनासे होते, मग आजीची हळू हाक ऐकू येत नाही.

गर्दीत कोणाकोणाला जागा आहे?

स्टेडियमचा आवाज फार काळ पुरुषांचाच राहिला. सौदी अरेबियात १२ जानेवारी २०१८ रोजी जेद्दाच्या स्टेडियममध्ये महिलांना पहिल्यांदा क्लबचा सामना पाहण्यासाठी प्रवेश मिळाला. त्यांच्यासाठी कुटुंबांचा वेगळा विभाग होता. इराणमध्ये १० ऑक्टोबर २०१९ रोजी तेहरानच्या आझादी स्टेडियमवर इराण-कंबोडिया सामन्याला अनेक दशकांनी महिलांनी स्वतः तिकीट काढून हजेरी लावली. इराण १४-० असा जिंकला.

२०२२ चा विश्वचषक कतारमध्ये झाला. तिथले अल सुमामा स्टेडियम अरब पुरुषांच्या विणलेल्या टोपीच्या आकाराचे, तर अल बैत स्टेडियम वाळवंटातल्या तंबूच्या आकाराचे. या आकारांची खूप चर्चा झाली. त्याहून महत्त्वाची एक गोष्ट मात्र कमी लोकांना माहीत आहे. तिथल्या काही स्टेडियममध्ये स्वमग्न मुलांसाठी खास शांत खोल्या होत्या. गोंगाटाने ज्यांना असह्य त्रास होतो अशी मुले तिथून काचेतून सामना पाहू शकत होती. उजेड मंद, आवाज कमी, शेजारी आई-वडील. ज्या घरात असे मूल आहे, त्यांना या खोलीची किंमत कळेल. आपल्याकडे नवी क्रीडा संकुले आणि सभागृहे बांधली जातात, तेव्हा अशी एक खोली मागायला काय हरकत आहे?

मुलांना सामना दाखवायला नेताना

मुलांना मैदानावर जरूर न्यावे. टीव्हीवरचा सामना आणि डोळ्यांसमोरचा सामना यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. फक्त काही गोष्टी पाळाव्यात.

लहान मुलांना ढोल-हलगीच्या गटाजवळ आणि लाऊडस्पीकरच्या समोर बसवू नये. अंतर दुप्पट केले की आवाज बराच उतरतो, हे वर पाहिलेच. छताच्या अगदी खालच्या वरच्या रांगांत आवाज कोंडतो, तेव्हा जागा निवडता आली तर मैदानाकडच्या बाजूची, कोपऱ्यातली घ्यावी. औषधाच्या दुकानात फोमचे कानातले बोळे स्वस्तात मिळतात. ते नीट बसवले तर आवाज २० डेसिबलच्या आसपास कमी होतो. लहान मुलांसाठी कान झाकणारे हेडफोनसारखे मफ मिळतात, ते अधिक बरे. कापसाचा बोळा घालून फारसा उपयोग होत नाही. मध्यंतरात दहा-पंधरा मिनिटे बाहेर शांत जागी बसावे, थकलेल्या पेशींना तेवढी विश्रांती मिळते.

हाताच्या अंतरावर बसलेल्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला आहे असे समजावे. त्यासाठी यंत्राची गरज नाही. सामन्यानंतर कानात सुं सुं वाजत असेल किंवा कान बसल्यासारखे वाटत असतील, तर ती कानाने दिलेली सूचना आहे. एक-दोन दिवसांत ते थांबले नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. अचानक एका कानाने ऐकू येईनासे झाले तर एक दिवसही थांबू नये. तेल किंवा इतर घरगुती थेंब कानात घालू नयेत.

मोबाईलवर सामना पाहताना आवाज निम्म्याच्या थोडा वर, त्यापुढे नाही. शेजारी बसलेल्याला मुलाच्या इअरफोनमधला आवाज ऐकू येत असेल, तर तो नक्कीच जास्त आहे.

आणखी एक गोष्ट मुलांना मोठ्यांकडे पाहूनच कळते. आपल्या संघासाठी ओरडणे वेगळे आणि समोरच्या खेळाडूच्या जातीवरून, धर्मावरून, रंगावरून ओरडणे वेगळे. छताखाली दोन्ही आवाज सारखेच घुमतात आणि दोन्ही परत येऊन आपल्याच मुलांच्या कानात पडतात. युरोपच्या मैदानांवर काळ्या खेळाडूंना पाहून माकडाचे आवाज काढणारेही कोणाचे तरी वडील आणि काका होते.

कोलकात्यात २०२४ च्या त्या रात्री मुंबईचा तिसरा गोल अगदी शेवटच्या क्षणी झाला. साठ हजारांच्या गर्दीसमोर मुंबईकर कर्णधार राहुल भेकेने चषक उंचावला. साठ हजार लोकांच्या आवाजाने पाहुण्यांचे पाय लटपटले नाहीत. पण सगळेच खेळाडू आणि सगळेच पंच इतके खंबीर नसतात आणि लहान मुलाचा कान तर मुळीच नसतो. ओरडण्याआधी आपल्या शेजारी कोण बसले आहे, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले.